'या वयात कशाला?' हे निदान नव्हे

पन्नाशी उलटलेली माणसे मनगट धरून दवाखान्यात येतात, तेव्हा कारण सांगताना सहसा लाजत नाहीत. कुणी पाण्याचे पिंप उचललेले असते, कुणी दुचाकीवरून घसरलेले असते, कुणाच्या घरी रंगकाम निघालेले असते. अलीकडे मात्र एक कारण असे येऊ लागले आहे की, ते सांगताना रुग्ण आधी दाराकडे पाहतो, बाहेरच्या बाकावर ओळखीचे कुणी नाही ना याची खात्री करतो आणि मग हळूच म्हणतो, "डॉक्टर, गिटार वाजवतो जरा."

आज लिहायचे आहे ते या ओशाळलेपणाविषयी. मनगटाचे दुखणे औषधाने, विश्रांतीने बरे होते. ओशाळून सोडून दिलेली गोष्ट बहुधा कायमची सुटते.

केबलच्या काळातली पिढी

आज पन्नास-पंचावन्नच्या घरात असलेली मंडळी १९९१ साली कॉलेजात होती, किंवा कॉलेजच्या उंबरठ्यावर होती. त्या वर्षी उपग्रह वाहिन्या आल्या. केबलच्या तारा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेल्या आणि ज्या घरांत तोवर रेडिओवरची भावगीते आणि शेजारच्या देवळातले भजन ऐकू येत होते, तिथे परदेशी गिटारचा झणत्कार घुसला. वडीलमंडळी आवाज कमी करायला सांगत. आम्ही करत नसू.

त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतल्या 'रेड हॉट चिली पेपर्स' या चमूचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक' हा अल्बम निघाला. (या नावातले पहिले दोन शब्द पुढे आमच्या पिढीला असे जन्माचे चिकटतील, हे तेव्हा कुणाला ठाऊक होते!) त्यात गिटार वाजवणारा जॉन फ्रुशांते तेव्हा २१ वर्षांचा होता. या संगीताला फंक-रॉक म्हणतात. त्यात गिटारचा एखादा छोटा तुकडा असतो, पाच-सात सेकंदांचा, पण कानात बसला की तीस वर्षे निघत नाही. गिटारवाले त्याला 'लिक' म्हणतात. आपण तुकडाच म्हणू.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ बँकेत आहेत. वय ५३, मधुमेह आठ वर्षांपासून. मुलगा शिकायला परगावी गेला, त्याची गिटार कपाटावर धूळ खात होती. ती त्यांनी खाली काढली आणि कॉलेजात असताना ऐकलेला असाच एक तुकडा मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकायला घेतला. रोज रात्री दीड-दोन तास. तीन आठवड्यांत अंगठ्याच्या मुळाशी सणक भरू लागली. घरचे म्हणाले, "या वयात हे उद्योग कशाला?" शेजारचे म्हणाले, "वय झालं की बोटं वळत नाहीत." गिटार पुन्हा कपाटावर गेली. माझ्याकडे ते गिटारसाठी आलेच नव्हते. मनगटामुळे बँकेत सही करताना त्रास होतो, म्हणून आले होते.

त्यांच्या दुखण्याला नाव होते, कारण होते आणि उपायही होता. वय हे त्याचे कारण नव्हते.

भजनी मंडळाला कुणी हसत नाही

आपल्याकडे पन्नाशीतला माणूस भजनी मंडळात जाऊन टाळ धरू लागला, पेटीवर बोटे फिरवू लागला किंवा पखवाज शिकू लागला, तर त्याला कुणी हसत नाही. उलट, 'चांगल्या मार्गाला लागला' म्हणतात. माझा दवाखाना कसबा पेठेत आहे. ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ, आणि इथला गणपती मिरवणुकीतला मानाचा पहिला. दर वर्षी गणपतीच्या आधी दीड-दोन महिने शहरभर ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. त्यांत दिवसभर कार्यालयात बसणारी माणसे असतात, मुले शाळेत घालणाऱ्या बायका असतात, ज्यांनी जूनपर्यंत टिपरू हातात धरलेले नसते अशी मंडळी असतात. अनंत चतुर्दशीला हीच मंडळी शेकडोंच्या ताफ्यात एका ठेक्यावर वाजवत असतात. मोठेपणी हात नवे शिकत नाहीत, असे म्हणणाऱ्याने भाद्रपदात एकदा पुण्यात यावे.

म्हणजे आक्षेप वयाला नाही, वाद्याला आहे. पखवाज शोभतो, गिटार शोभत नाही. शोभण्या-न शोभण्याचा निवाडा वैद्यकशास्त्राकडे नसतो. मनगटाच्या कंडरांना वाजतेय ते इंग्रजी की मराठी, हे कळत नाही.

शिकणे म्हणजे ढिले सोडणे

या फंक तुकड्यांची एक गंमत आहे आणि ती डॉक्टरला विशेष आवडावी अशी आहे. उजवा हात तारांवरून खाली-वर, खाली-वर सारखा फिरत राहतो. पण त्यातले बरेचसे झटके मुके असतात. डावा हात तारा दाबतो आणि लगेच सैल करतो. बोटे तारांवर नुसती टेकलेली राहिली की सूर उमटत नाही, 'चक् चक्' असा कोरडा आवाज येतो. ढोलकीत खुला आणि बंद ठोका असतो, तसेच काहीसे. १९६०च्या दशकात जेम्स ब्राऊन या गायकाच्या साथीला असलेल्या जिमी नोलेन या वादकाने ही पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे ती रॉकमध्ये आली. तेव्हा या तुकड्यात दाबण्याइतकेच सोडण्याला महत्त्व आहे.

आता शरीराकडे पाहू. कोणतीही नवी हालचाल शिकताना नवखा माणूस हवे त्यापेक्षा अधिक स्नायू आवळतो. बोट वाकवणारा आणि ते सरळ करणारा, असे दोन्ही स्नायू एकदम ताणले जातात आणि एकमेकांशी भांडतात. सायकल शिकताना हँडल घट्ट धरलेले मूल आठवा. सराव होत जातो तशी ही नको असलेली आवळाआवळ मेंदू कमी करत नेतो. शिकण्याचा मोठा भाग हा असा सोडून देण्याचा असतो.

वाचकांनी आत्ताच एक प्रयोग करावा. एका हाताची तर्जनी मोकळी ठेवून बाकीची मूठ घट्ट आवळा आणि त्या तर्जनीने टेबलावर भराभर टकटक करा. दहा-पंधरा सेकंदांत हात भरून येईल. आता मूठ सैल सोडा, मनगट टेकवा आणि तीच टकटक करा. हात तोच, वयही तेच, पण काम निम्म्या श्रमात होते.

आमचे बँकेतले गृहस्थ मूठ आवळून वाजवत होते. तीस वर्षे वाट पाहिलेली गोष्ट महिन्यात यावी, अशी त्यांना घाई होती. घाईने हात आवळतो, आवळलेला हात दुखतो आणि दुखले की दोष वयाला दिला जातो.

थोडा हिशेब

अशा तुकड्याचा वेग मिनिटाला साधारण ९० मात्रा धरला आणि प्रत्येक मात्रेत उजव्या हाताचे चार झटके धरले, तर मिनिटाला ३६० झटके होतात. तासाला २१,६००. रोज घरकाम आणि कार्यालय सांभाळणाऱ्या, एरवी दुचाकीचा ब्रेक दाबण्यापलीकडे काम नसलेल्या मनगटाला पहिल्याच आठवड्यात रात्रीचे वीस-चाळीस हजार झटके दिले, तर ते रुसणारच. पंचविशीतले मनगटही रुसेल.

तोच तुकडा निम्म्या वेगाने, मिनिटाला ४५ मात्रांनी, पंधरा मिनिटे वाजवला तर झटके होतात २,७००. हे मनगटाला पेलते. मोबाईलवरचा व्हिडिओ निम्म्या वेगाने चालवण्याची सोय असते, तिचा जरूर उपयोग करावा. सावकाश वाजवल्याने आणखी एक लाभ होतो. मेंदू चूक आणि बरोबर असा भेद न करता जे वारंवार केले ते पक्के करतो. वेगात शंभर वेळा चुकीचे वाजवले, तर शंभर वेळा चुकीचा सराव होतो.

दुसरी गोष्ट झोपेची. हाताने शिकलेल्या गोष्टी झोपेत मेंदूत पक्क्या होतात. रात्री न जमलेला तुकडा सकाळी हाताखाली आपोआप येतो, हा अनुभव पुष्कळांना असतो. झोप मोडून दोन तास वाजवणारा माणूस आपलीच मजुरी बुडवतो.

मेंदू काय म्हणतो?

लहानपणी शिकणाऱ्याला फायदा अधिक मिळतो, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १९९५ साली 'सायन्स' या नियतकालिकात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डाव्या हाताच्या बोटांची संवेदना टिपणारा मेंदूतला भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला, आणि ज्यांनी लहान वयात सुरुवात केली होती त्यांच्यात तो अधिकच मोठा होता.

पण दार नंतर बंद होत नाही. २००८ साली जर्मन संशोधकांनी सरासरी साठीच्या घरातल्या स्त्री-पुरुषांना तीन चेंडू हवेत झेलण्याचा खेळ तीन महिने शिकवला. तरुणांइतक्या सहजतेने त्यांना तो जमला नाही. परंतु ज्यांना जमला, त्यांच्या मेंदूच्या रचनेत बदल दिसले. सराव थांबल्यावर ते बदल ओसरले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच्या पुढे जाऊन 'वाद्य शिका, स्मृतिभ्रंश टाळा' अशा जाहिराती हल्ली दिसतात. इतके ठाम आश्वासन द्यावे असा पुरावा माझ्या मते नाही. स्मृतिभ्रंशाची भीती असेल तर आधी रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा, तंबाखू सोडा, चाला, कान तपासा. गिटार औषध म्हणून घेऊ नका. औषध म्हणून घेतलेली गोष्ट माणूस औषधासारखीच विसरतो. आवडते म्हणून घ्या, एवढे कारण पुरेसे आहे.

दुखणी कोणती आणि केव्हा थांबावे

पोलादी तारांनी डाव्या हाताची बोटे पहिले काही आठवडे हुळहुळतात. पुढे कातडी निबर होते. हे दुखणे नव्हे. मात्र मधुमेह असलेल्यांच्या बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते, फोड आला तरी कळत नाही. त्यांनी वाजवून झाल्यावर बोटे उजेडात पाहावीत, फोड फोडू नये आणि सुरुवात नायलॉनच्या तारांच्या गिटारवर करावी.

मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला, अंगठा आत घेऊन मूठ वळवली की सणक येत असेल, तर तिथल्या कंडरांच्या आवरणाला सूज असते. गिटारचा दांडा अंगठ्याने जोरात दाबून धरणाऱ्यांना हे होते. आमच्या गृहस्थांना हेच होते.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते, हात झटकल्यावर बरे वाटते. अशी तक्रार असेल तर मनगटातून जाणारी नस दाबली जात आहे. सकाळी बोट वाकलेल्या स्थितीत अडकते आणि 'कट्' असा आवाज होऊन सुटते, तेव्हा कंडरेला गाठ आलेली असते. ही दोन्ही दुखणी मधुमेहात आणि थायरॉइडच्या कमतरतेत अधिक आढळतात. खांदा आखडणे हेही मधुमेह्यांत अधिक. म्हणून पन्नाशीत वाद्य हाती घेतल्यावर बोटे अडकू लागली तर गिटारला शिव्या देण्याआधी साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे. माझ्याकडे काही जणांचा मधुमेह असा बोटांवरून लक्षात आला आहे.

साधा नियम असा. वाजवल्यावर हात थकला आणि अर्ध्या तासात पूर्ववत झाला, तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल, तर वेळ निम्मी करा आणि दोन दिवस सुट्टी द्या. बधिरपणा, बोट अडकणे, वस्तू हातातून निसटणे यांपैकी काही असेल, तर डॉक्टरकडे जा. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवायला बसू नका, ती धोक्याची घंटा बंद करते, आग विझवत नाही.

तांबट आळीचा धडा

आमच्या पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हातोडीने ठोक्याशेजारी ठोका देऊन चकाकी आणतात, त्याला मठारकाम म्हणतात. ते पाहताना जाणवते की, कसलेला कारागीर हातोडी आवळत नाही. ती उसळते आणि तो तिला परत खाली आणतो. गिटारच्या उजव्या हाताला याहून चांगला गुरू शोधूनही सापडणार नाही.

पण या धंद्याचा एक इशाराही आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहिले की, सततच्या ठोक्यांनी त्यांचे कान मंद होतात. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती तेव्हा परत येत नव्हती आणि आजही येत नाही. हिशेब असा सांगतात की, ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सहन करावा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ला ४ तास, ९१ला २ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. इलेक्ट्रिक गिटार हेडफोन लावून वाजवणाऱ्यांनी शेजाऱ्यांवर उपकार करताना स्वतःच्या कानांवर अपकार करू नये. वाजवून झाल्यावर कानात 'कुंई' आवाज येत राहिला, तर तो जास्तच होता असे समजा.

धातूवरून आठवले. इंग्लंडमध्ये टोनी आयोमी हा पत्रे कापण्याच्या कारखान्यात काम करणारा मुलगा होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटे तीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारांचा ताणही उतरवला आणि 'ब्लॅक सॅबथ' या चमूचा गिटारवादक म्हणून जगभर नाव कमावले. हात बदलता आला नाही, तर वाद्य हाताजोगे करून घेतले. सांधे आखडलेल्या पन्नाशीतल्या माणसालाही हलक्या तारा लावता येतात, तार अर्धा सूर उतरवता येते. याला कमीपणा मानण्याचे कारण नाही.

शेवटी

आमच्या गृहस्थांना तीन आठवडे अंगठ्याला आधारपट्टी दिली, साखरेचे औषध थोडे बदलले आणि एक चिठ्ठी लिहून दिली. पूर्ण तुकडा न घेता त्यातला निम्माच भाग घ्यावा. वेग निम्मा. सकाळी पंधरा मिनिटे, संध्याकाळी पंधरा मिनिटे, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. मोबाईल मांडीवर ठेवून मान खाली घालू नये, तो डोळ्यांसमोर ठेवावा. आणि आवळले की थांबावे. चार महिन्यांनी ते साखर दाखवायला आले, तेव्हा तुकडा पाऊण वेगाला पोहोचला होता. पूर्ण वेगाला कदाचित पोहोचेल, कदाचित नाही.

घरच्या मंडळींना एवढेच सांगणे आहे. पन्नाशी-साठीतला माणूस काही शिकायला बसला, मग ते गिटार असो, पेटी असो, पोहणे असो की उर्दू लिपी, तर त्याला 'या वयात कशाला' असे विचारू नका. हा प्रश्न विचारून आपण त्याची एक संध्याकाळ वाचवत नाही, पुढची वीस वर्षे थोडी रिकामी करतो. निवृत्तीनंतर 'दिवस जात नाही' म्हणून झोपेची गोळी मागायला येणारी माणसे मी रोज पाहतो. त्यांतल्या बऱ्याच जणांनी कधी काळी कपाटावर काहीतरी ठेवून दिलेले असते.

आणि जे शिकत आहेत, त्यांनी दवाखान्यात येऊन मोठ्याने सांगावे. हाताने काय करायचे आहे हे डॉक्टरला कळले, तरच हातावर नीट उपचार करता येतो.